खोडलेले एकशे अठरा

माझ्या संशयी स्वभावाबद्दल सरकारने मला एकतीस वर्षं पगार दिला. घरी हाच स्वभाव दुर्गुण ठरला. तुम्ही देवाच्या तीर्थाचीसुद्धा तपासणी कराल, असं बायकोने मला कितीदा तरी ऐकवलं आहे. पण डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी रक्त-लघवी तपासायचो, तिथे संशय हेच माझं भांडवल होतं. लोक मला लॅब टेक्निशियन म्हणत नसत. ‘रगत काडपी’ म्हणत, म्हणजे रक्त काढणारा. मला त्यात कमीपणा वाटला नाही, कारण काम तेच होतं.

या धंद्यात कोणावर विश्वास ठेवायचा नसतो. बाटलीवर नाही, सुईवर नाही आणि पेशंटवर तर मुळीच नाही. साखर तपासायला उपाशी या म्हटलं की माणूस देवाची शपथ घेऊन उपाशी असल्याचं सांगतो. एका दुकानदाराने अशी शपथ घेतली तेव्हा पोदेराच्या उंड्याचा चुरा त्याच्या मिशीत होता. मी चुरा दाखवला तर म्हणाला, पाव खाल्ला, जेवलो कुठे? दुसऱ्या एकाने नोकरीच्या तपासणीसाठी आपली म्हणून बायकोची लघवी आणून दिली होती. बायको गरोदर आहे हे त्याला आमच्याकडून कळलं. पेढे मात्र घेऊन आला.

आता ज्या तपासणीवर ही सगळी हकिगत उभी आहे ती सांगतो. तिला आम्ही ईएसआर म्हणतो. रक्त गोठू नये म्हणून त्यात थोडं औषध घालायचं, ते एका बारीक काचेच्या नळीत भरायचं आणि नळी स्टँडमध्ये सरळ उभी करून तासभर हात लावायचा नाही. तासाभरात लाल पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची. निरोगी माणसाची दहा, पंधरा, वीस येते. शरीरात कुठे दाह पेटलेला असला, म्हणजे आतल्या आत सूज, जंतू, गाठ असं काही असलं, की रक्तातले काही पदार्थ वाढतात. मग पेशी भाकऱ्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. ही नळी घरात आग आहे एवढंच सांगते. कुठल्या खोलीत, ते सांगत नाही.

ती खोटंही बोलते. नळी जरा तिरकी झाली की आकडा फुगतो, खोली तापली की फुगतो. आमचा दवाखाना खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर होता. ट्रकांची रांग लागली की माझं टेबल थरथरायचं आणि स्टँडमधल्या नळ्या जागच्या सरकायच्या. म्हणून आकडा मोठा आला की मी आधी नळीकडे डोळे वटारून बघायचो आणि मग माणसाकडे.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी संशय सगळ्या गोव्यालाच झाला होता. राजभाषा मराठी की कोकणी हा वाद नुकताच पेटून गेला होता आणि पाठोपाठ गोव्याचं वेगळं राज्य झालं होतं. बाकावर बसलेली माणसं शेजारचा काय बोलतो यापेक्षा कोणत्या भाषेत बोलतो ते ऐकत. मी पेडण्याचा, घरी मराठी पेपर घेणारा, त्यामुळे मीही कोणाच्या तरी यादीत असणार. माझी नोंदवही मात्र इंग्रजीत होती, म्हणून दोन्ही बाजूंचा तिच्यावर विश्वास होता.

दत्ताराम हा खनिजाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. मूळचा सावंतवाडीकडचा, पण राहायला कारापूरला. थोरला भाऊ भिकाजी, भिकाजीची बायको, दत्ताराम, त्याची बायको शेवंती आणि दोन्ही घरची मुलं, असं एकत्र बिऱ्हाड. दत्ताराम म्हणजे चालताबोलता तमाशा. सुई टोचायच्या आधी तो मला विचारायचा, रक्त काढताय ते परत कधी देणार? रांगेतली रडणारी पोरं त्याच्या नकलांनी हसत.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी, भर पावसाळ्यात, भिकाजी त्याला घेऊन आला. बरोबर शेवंती होती. दत्ताराम बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला. महिनाभर असाच आहे, जेवत नाही, झोपत नाही, पोरांशी बोलत नाही, असं भिकाजी म्हणाला. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शेवंतीच देत होती. मध्येच तिने त्याच्या शर्टाची उलटलेली कॉलर सरळ केली तेव्हा त्याने तिचा हात बाजूला सारला. जोरात नाही, माशी वारावी तसा. पण मी ते बघितलं आणि माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं.

आमच्या डॉक्टरबाईंनी लिहून दिलेल्या ईएसआरसाठी मी रक्त घेतलं आणि तासाभराने नळी बघितली तर एकशे अठरा. मधल्या वेळात दहा-बारा ट्रक गेले होते आणि नळी मला किंचित कललेली वाटली. चाळिशीच्या आतल्या, ताप नसलेल्या गड्याला एकशे अठरा कसा येईल? मी वहीत लिहिलेला आकडा लाल बॉलपेनने खोडला, शेजारी इंग्रजीत ‘नळी तिरकी, पुन्हा’ असं लिहिलं आणि आठ दिवसांनी परत या म्हणून सांगितलं. खरं तर त्याच दिवशी, त्याच बाकावर बसवून, पुन्हा रक्त घ्यायला हवं होतं. एक वाजून गेला होता आणि मला भूक लागली होती. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ झालं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. आमचा कंपाउंडर चहा पिताना म्हणाला, दत्तारामाला काय झालं रे? मी म्हणालो, त्याला काही झालेलं नाही, नवरा-बायकोचं बिनसलंय, तो तिला हातसुद्धा लावू देत नाही. कंपाउंडर कारापूरचाच होता.

दत्ताराम आठ दिवसांनी आला नाही. चवथ गेली, दसरा गेला. दिवाळीनंतर कळलं की त्याला उलट्या लागल्या, वजन उतरलं आणि मोठ्या इस्पितळात दुर्बिणीने पोट बघितलं तेव्हा कॅन्सर निघाला. अजून ऑपरेशन करण्याजोगा होता, पण उशीर करून चालणार नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी हे भिकाजीला बाहेर बोलावून सांगितलं. त्या काळी तशीच रीत होती. पेशंट सोडून सगळ्यांना सांगायचं आणि पेशंटच्या तोंडावर ‘अल्सर’ म्हणायचं. भिकाजीने घरात शेवंतीला सांगितलं आणि तोंडावर बोट ठेवायला लावलं.

दत्ताराम मात्र ऑपरेशनला तयार होईना. कशाला, एवढंच म्हणे आणि कुशीवर वळे. भिकाजीने निष्कर्ष काढला की त्याला कोणीतरी खरं सांगितलंय, म्हणून त्याने हाय खाल्ली आहे. कोणी सांगितलं असेल? नवरा-बायकोचं बिनसलंय हे तर दवाखान्यापासून गावात फिरतच होतं. मग त्याने देवळात जाऊन प्रसाद लावला. आमच्याकडे देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, मनातली शंका गुरवाकरवी देवाला विचारतात आणि पाकळी उजवीकडून पडली की होकार धरतात. घरातल्याच माणसाने सांगितलं का, असं विचारलं. पाकळी उजवीकडून पडली. शेवंतीला दोन्ही मुलांसकट माहेरी, इब्रामपूरला धाडलं आणि घरची चूल एकट्या जावेच्या हाती गेली.

हे मला कळलं ते शेवंतीच्याच तोंडून. दोन बस बदलून ती सकाळी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. रडत नव्हती. बोलायचं काय ते तिने वाटेत ठरवून ठेवलं असावं.

“चवथीच्या आदी आमी हय रगात देवक इल्लाव,” ती म्हणाली. “ती तारीख तुमच्या वहीत आसतली. तेवा हे बोलूचे बंद झाल्ले. आणि रोगाचा नाव कळला ता दिवाळीनंतर. माकाच ठावक नव्हता, तर मी सांगतलंय काय?”

मी इतकी वर्षं संशय घेण्यात घालवली, पण इतका सरळ हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. माणूस आधी मिटला आणि बातमी नंतर आली. बातमीने तो मिटलेला असूच शकत नव्हता.

ती आणखीही बोलली. जावेने म्हणे पहिल्यापासून गावभर केलं, की आमचं दोघांचं पटत नाही. तिला चूल हवी होती, मिळाली. मी त्या वेळी टेबलावरच्या काचपट्ट्या पुसत होतो. एकच काचपट्टी मी किती वेळ पुसली ते मला अजून आठवतं. वही बाहेर देता येत नाही, डॉक्टरबाईंना विचारावं लागेल, असं मी तिला सांगितलं. नियम खरा होता, पण मी त्याच्या आड लपलो होतो.

ती गेल्यावर मी वही उघडली. ते पान दाखवायचं म्हणजे खोडलेला एकशे अठराही दाखवावा लागणार. तेव्हाच पुन्हा तपासलं असतं तर रोग तीन महिने आधी सापडला असता का, हा प्रश्न ज्याला त्याला सुचणार. मेमो येईल, बदली होईल, आणि नव्या राज्यात कोण कोणाचा माणूस हे ठरायचं होतं, अशा वेळी कागदावर डाग कोणाला हवा? दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंपुढे वही ठेवली आणि जे केलं ते सांगितलं. बाई तरुण होत्या, म्हापशाकडच्या. रागावल्या, आणि रागवायलाच हवं होतं. मग म्हणाल्या, भावाला बोलवा, मेमोचं नंतर बघू.

भिकाजी आला. मी पान उघडून समोर ठेवलं, तारीख दाखवली, खोडलेला आकडा दाखवला आणि तो मी खोडला असं कबूल केलं. त्याने वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, लाल शाईवर बोट फिरवलं.

“पेनान काय व्हया ता लिवता येता,” तो म्हणाला. “बायल माणसाची दया इली आसतली तुमका.”

मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर दुसऱ्याच्या बाटलीवर संशय घेणाऱ्या माणसाच्या वहीवर संशय! पण दोष कसा देऊ? मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. नोंदींना ओळीने नंबर असतात, मध्ये घुसडता येत नाही, हे मी समजावत होतो. त्याचं बोट नंबरांवरून खाली सरकलं आणि खालच्याच ओळीवर थांबलं. नाव त्याचं स्वतःचं होतं. आलोच आहे तर माझी पण साखर बघा, असं तो त्या दिवशी म्हणाला होता आणि मी बघितली होती.

त्याने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. त्या दिवशी त्यानेच भावाला आणलं होतं आणि बोलत नाही ही तक्रार त्यानेच केली होती. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या की काही आजारांत शरीराच्या आधी मन खाली बसतं. ते कोणी सांगितल्याने नाही, आजाराच्याच ओढीने. यापेक्षा जास्त तेव्हा त्यांनाही ठाऊक नसावं. भिकाजीने विचारलं, मग पाकळी? मग त्यानेच स्वतःशी म्हटलं की प्रश्नच चुकला असेल.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः इब्रामपूरला जाऊन शेवंतीला घेऊन आला. बाकीचं मी डोळ्यांनी बघितलं, कारण ऑपरेशनच्या आधी रक्त घ्यायला मी डॉक्टरबाईंबरोबर कारापूरला गेलो होतो. बाईंनी घरातल्या सगळ्यांसमोर दत्तारामाला आजाराचं नाव सांगितलं.

“माका संशय होतोच,” तो म्हणाला. “अल्सराक इतकी शाळी कोण हाडता?”

खोलीत कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग होता. कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य असावं, ज्यावर कोणीतरी हसलं. मग बाईंनी सांगितलं की हे मिटून जाणं, कोणी नकोसं वाटणं, हेसुद्धा या आजाराचंच असू शकतं, आणि त्यालाही औषध आहे. तेव्हा त्याने पहिल्यांदा शेवंतीकडे बघितलं.

“माका वाटला माजी मायाच आटली,” तो म्हणाला. “पोरांचो आवाज नको वाटायचो. हिचो हात नको वाटायचो. मी आपल्याकच इचारी, दत्ताराम, तू इतको वायट कधी झालंस?”

दारात उभी असलेली जाऊ पदराने डोळे पुसत आत गेली. मी हातातलं रबर त्याच्या दंडाला बांधलं. सगळे त्याच्यावर, एकमेकांवर संशय घेत होते तेव्हा तो बिचारा स्वतःवरच घेत बसला होता.

तो तयार झाला आणि ऑपरेशन झालं. मनाच्या गोळ्याही चालू झाल्या. तो पहिल्यासारखा झाला असं म्हणणार नाही, पण जेवू लागला, पोरांना जवळ घेऊ लागला. पुढच्या दोन चवथी त्याने बघितल्या. तीन महिने आधी सापडला असता तर किती बघितल्या असत्या, हे मी डॉक्टरबाईंना कधी विचारलं नाही. मेमो आला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे एका तरुण डॉक्टरने कॅन्सर, दाह आणि उदासी यांचं नातं समजावून सांगितलं आणि मी पेंगायचा थांबलो. तो म्हणाला, ताप आला की तुम्हाला काय होतं ते आठवा. जेवण नको, गप्पा नकोत, भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं. तुम्ही दुःखी झालेले नसता. शरीर आतल्या लढाईत गुंतलेलं असतं आणि त्या लढाईतले रासायनिक निरोप मेंदूपर्यंत जातात. कॅन्सरमध्ये ही लढाई महिनोन् महिने धुमसत राहू शकते. म्हणून काहींचं मन रोगाचं नाव कळायच्या आधीच विझल्यासारखं होतं. अशा उदास पेशंटांमध्ये दाहाच्या खुणा जास्त सापडतात, असं अनेकांनी बघितलं आहे.

सवयीप्रमाणे मला संशय आला. मी हात वर करून विचारलं, म्हणजे ईएसआर बघून माणूस उदास आहे का ते कळेल? तो नाही म्हणाला. रक्त कमी असलं तरी हा आकडा वाढतो, वयाने वाढतो. दाह आणि उदासी बरोबर फिरताना दिसतात, पण कोण कोणाला घेऊन आलं हे दर वेळी सांगता येत नाही. आणि भीती, दुःख, घरची काळजी याही खऱ्याच असतात. मला तो डॉक्टर आवडला. जेवढं माहीत तेवढंच बोलत होता.

तिथून परतल्यावर माझ्या मनाने घेतलं की हे शेवंतीला सांगायला हवं. मुलं मोठी होऊन नोकरीला लागल्यावर ती म्हाताऱ्या आईला बघायला इब्रामपूरला येऊन राहिली होती. मी गेलो तेव्हा अंगणात काजू वाळत घातले होते. तिने मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा केला. मी मोठ्या उत्साहाने तिला दाह समजावला, नळी समजावली. तो आधी मिटला, बातमी नंतर आली, हा तुमचा हिशेब बरोबर होता, आता शास्त्रही तेच म्हणायला लागलंय, असं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. त्या वहीमुळे मी घरात परत गेले, तुमचे उपकार आहेत, असं म्हणाली.

तो शब्द मला सोसवेना. भिकाजीपुढे मी खोडलेला आकडा कबूल केला होता. चहाच्या कपावर बोललेलं वाक्य मात्र मी कोणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरबाईंनाही नाही. ते मी तिला तिथे सांगितलं. तुमचं बिनसलंय हे पहिल्यांदा मी बोललो, कॉलरवरचा तुमचा हात त्याने सारला ते बघून, काही माहीत नसताना. तुमच्या जावेचं त्यात काही नव्हतं.

शेवंती काजू उलटे करत होती ती थांबली.

“मगे त्या दिवशी मी तुमच्याम्होरच जावेचा नाव घेतलंय,” ती म्हणाली. “तुमी आयकून घेतलात.”

मी हो म्हणालो.

तिने हातातला काजू खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “एका घरात रवान इतकी वर्सा मी तिच्याशी सरळ बोललंय नाय. गेल्या वर्सा ती गेली. मी तिच्या बाराव्याकसुदा गेलंय नाय.”